सोळा औषधांचं सर्टिफिकेट

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला सरकारमान्य सर्टिफिकेट लागावं का, आणि असं सर्टिफाइड सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हॉस्पिटलला सरकारने पैसे द्यावेत का, यावर सध्या जे भांडण चाललंय ते दोन्ही बाजूंनी भलत्याच जागी चाललंय असं मला वाटतं. एक बाजू म्हणते हे सॉफ्टवेअरचं लायसन्स राज आहे, छोटे वेंडर मरतील, डॉक्टरच्या डोक्याला अजून एक ताप. दुसरी बाजू म्हणते अमेरिकेने 2009 साली पैसे ओतले आणि सहा-सात वर्षांत तिथली जवळपास सगळी हॉस्पिटलं कॉम्प्युटरवर आली, मग आपण कशाला थांबायचं. दोघंही सर्टिफिकेट या गोष्टीकडे हो किंवा नाही असंच बघतात. ते सर्टिफिकेट नेमकी कशाची परीक्षा घेतं, कुठे घेतं, एकदाच घेतं की दरवर्षी घेतं, हे कोणी विचारतच नाही. माझं मत सरळ सांगतो. सर्टिफिकेट हवं. त्याला पैसे जोडलेले असावेत हेही मान्य. पण कंपनीने एकदा दाखवलेल्या डेमोवर दिलेलं सर्टिफिकेट हे अजिबात नसण्यापेक्षा वाईट, कारण ते नसेल तर डॉक्टर निदान सावध तरी राहतो, आणि असेल तर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो.

अमेरिकेचं उदाहरण सगळेच देतात पण अर्धवट देतात, म्हणून जरा नीट बघू. 2004 मध्ये अध्यक्ष बुश यांनी दहा वर्षांत बहुतेक अमेरिकनांचं रेकॉर्ड इलेक्ट्रॉनिक करायचं जाहीर केलं आणि त्यासाठी ओएनसी नावाचं ऑफिस उभं केलं. त्याच वर्षी आरोग्य-आयटी क्षेत्रातल्या तीन संघटनांनी मिळून सीसीएचआयटी ही सर्टिफिकेशन संस्था काढली आणि 2006 पासून ती सॉफ्टवेअर तपासायला लागली. सर्टिफिकेट होतं पण पैसे नव्हते, आणि 2008 च्या आसपास तिथल्या जेमतेम 9 टक्के हॉस्पिटलांकडे अगदी बेसिक म्हणता येईल अशी ईएचआर, म्हणजे पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवणारी सिस्टिम, होती. फेब्रुवारी 2009 मध्ये ओबामांनी सही केलेल्या आर्थिक पॅकेजमध्ये हायटेक कायदा आला आणि चित्र बदललं. मेडिकेअरच्या (म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्याच्या) डॉक्टरला पाच वर्षांत 44 हजार डॉलरपर्यंत, मेडिकेडवाल्याला (गरिबांसाठीच्या विम्याच्या) 63,750 डॉलरपर्यंत, हॉस्पिटलांना त्याहून कितीतरी जास्त, आणि 2015 पासून जो वापरणार नाही त्याच्या मेडिकेअरच्या पैशात कपात. अट दोन भागांची होती: सॉफ्टवेअर सर्टिफाइड पाहिजे आणि त्याचा 'मीनिंगफुल यूज', म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठी खरा वापर, झाला पाहिजे. 2015 पर्यंत बेसिक ईएचआर असलेली हॉस्पिटलं 84 टक्क्यांच्या जवळ गेली आणि सर्टिफाइड सिस्टिम हाताशी असलेली 96 टक्के झाली. सरकारचे एकूण 35 अब्ज डॉलरच्या वर खर्च झाले.

हे आकडे खोटे नाहीत आणि ते नाकारून कोणी वाद घालू नये. जे म्हणतात की बाजारावर सोडलं असतं तरी झालंच असतं, त्यांनी 2008 पर्यंतचा बाजार बघावा. डॉक्टरला रेकॉर्ड कॉम्प्युटरवर टाकायचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो आणि फायदा होतो पेशंटला, विमा कंपनीला, पुढच्या डॉक्टरला. ज्याचा खर्च त्याला फायदा नाही अशा ठिकाणी बाहेरून धक्का लागतोच. आणि एकदा सरकारने पैसे द्यायचे ठरवलं की कशासाठी द्यायचे याची व्याख्या लागणार, नाहीतर उद्या एक्सेलची शीट दाखवून पण क्लेम येईल. त्यामुळे सर्टिफिकेशन ही पैशाच्या पाठोपाठ येणारच. इथपर्यंत मी त्या बाजूच्या बरोबर आहे.

आता ती परीक्षा कशी व्हायची ते बघा. टेस्टची स्क्रिप्ट सरकारी संस्थेने बनवून आधीच जाहीर केलेली असायची, म्हणजे कुठल्या स्क्रीनवर काय करून दाखवायचं, कुठला डेटा टाकायचा, काय उत्तर यायला पाहिजे हे सगळं वेंडरला माहीत. टेस्ट करणाऱ्या संस्थेची फी वेंडरच भरणार. आणि टेस्ट व्हायची ती वेंडरने स्वतः तयार करून ठेवलेल्या सिस्टिमवर, एखाद्या चालू हॉस्पिटलमध्ये नाही. मी स्वतः हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचल्यावर पुढे काय होणार हे वेगळं सांगायला लागत नाही. प्रश्नपत्रिका हातात, परीक्षा आपल्याच घरात, आणि परीक्षकाचा पगार आपल्याकडून, एवढं जुळून आल्यावर टीम त्या प्रश्नपत्रिकेपुरतंच बनवते, त्यात सगळेच बदमाश असतात असं नाही, डेडलाइन असते, सेल्सवाल्यांनी तारीख देऊन ठेवलेली असते, आणि जे टेस्टमध्ये नाही ते 'पुढच्या रिलीजला' जातं आणि तिथेच राहतं.

ईक्लिनिकलवर्क्सची केस यातली सगळ्यात बोलकी. सर्टिफिकेशनची अट होती की औषधांची ठरलेली कोड सिस्टिम सॉफ्टवेअरने वापरावी, म्हणजे कुठलंही औषध निवडलं तरी त्याचा स्टँडर्ड कोड प्रिस्क्रिप्शनबरोबर जावा. अमेरिकन सरकारचा आरोप असा की कंपनीने पूर्ण डेटाबेस जोडण्याऐवजी टेस्टमध्ये लागणाऱ्या 16 औषधांचे कोड थेट प्रोग्रॅममध्ये टाईप करून ठेवले. टेस्ट घेणाऱ्याने ती 16 औषधं मागितली, 16 चे कोड बरोबर आले, सर्टिफिकेट मिळालं. सतराव्या औषधाचं काय हे विचारणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. हे बाहेर आलं ते सरकारी तपासणीतून नाही, न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड जेलमध्ये ही सिस्टिम बसवताना काम करणाऱ्या एका माणसाने कोर्टात तक्रार केली म्हणून. मे 2017 मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता 15.5 कोटी डॉलर भरून केस मिटवली. म्हणजे ज्या माणसाने सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालताना बघितलं त्याला दोष दिसले आणि ज्या यंत्रणेला दोष शोधायचे पैसे मिळत होते तिला दिसले नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती एकटीच कंपनी होती असंही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये ग्रीनवे हेल्थने 5.725 कोटी डॉलर भरले, तिथे आरोप होता की टेस्टपुरतं वेगळं केलेलं सॉफ्टवेअर दाखवलं. 2023 मध्ये नेक्स्टजेनने 3.1 कोटी डॉलर भरले. आणि जानेवारी 2020 ची प्रॅक्टिस फ्यूजनची केस तर वाचून अंगावर काटा येतो. हे डॉक्टरांना फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, सर्टिफाइड. पेशंटच्या दुखण्याबद्दल डॉक्टरला स्क्रीनवर सूचना देणारा एक अलर्ट त्यात होता, आणि तो अलर्ट कसा असावा हे ठरवण्यासाठी कंपनीने ओपिऑइड (अफूच्या वर्गातली) वेदनाशामक बनवणाऱ्या औषध कंपनीकडून सुमारे 10 लाख डॉलर घेतले होते. देशात ओपिऑइडच्या व्यसनाने माणसं मरत होती तेव्हा. एकूण 14.5 कोटी डॉलरवर ती केस मिटली. सर्टिफिकेटच्या यादीत 'डॉक्टरला निर्णयासाठी मदत करणारी सूचना येते का' असा मुद्दा होता आणि सूचना येत होती. ती सूचना कोणाच्या पैशाने लिहिली गेली हे कुठल्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये सापडणार?

यावर लगेच उत्तर येतं की हे चोर होते, पकडले गेले, दंड झाला, यात सर्टिफिकेशनची काय चूक. उत्तर रास्त आहे, अर्ध्यापर्यंत. म्हणून चोरांना बाजूला ठेवू आणि प्रामाणिकांचं बघू. 2014 मध्ये काही संशोधकांनी 21 वेगवेगळ्या ईएचआर तंत्रांमधून बाहेर पडणारे पेशंटच्या माहितीचे 91 नमुना डॉक्युमेंट तपासले, म्हणजे एका हॉस्पिटलकडून दुसऱ्याकडे जाणारा सारांश. त्यात 615 चुका आणि विसंगती निघाल्या. कोणी फसवत नव्हतं. फाईलचा साचा टेस्टला चालायचा आणि समोरच्या सिस्टिमला त्यातली ॲलर्जी किंवा डोस नीट वाचता येईलच याची खात्री नव्हती. आणि नियम बघा: मीनिंगफुल यूजच्या अटी टप्प्याटप्प्याने आल्या, त्यातल्या पहिल्या टप्प्यात डॉक्टरने माहिती पाठवण्याच्या क्षमतेची 'किमान एक टेस्ट' करायची होती, आणि ती टेस्ट फेल झाली तरी अट पूर्ण धरली जायची! दुसऱ्या टप्प्यात किमान 5 टक्के पेशंटनी आपलं रेकॉर्ड ऑनलाइन बघावं अशी अट होती, ती जमेना म्हणून 2015 मध्ये खाली आणून किमान एका पेशंटवर ठेवली. एक पेशंट! यात कायदा कोणी मोडला नाही, पैसे नियमाने मिळाले, आणि एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाच्या हातात तरीही कागदांची पिशवीच राहिली.

फोक्सवॅगनचं 2015 चं डिझेल प्रकरण आठवतंय का? गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपण टेस्ट बेंचवर आहोत, तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा, रस्त्यावर आली की पुन्हा तेच. ते सापडलं कसं, तर वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी गाडीच्या मागे मशीन बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर पळवली तेव्हा. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने तपासणी केल्यावर कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायला लागल्या. या प्रकरणानंतर कोणी म्हटलं का की प्रदूषणाची टेस्टच बंद करा, बाजार बघून घेईल? नाही म्हटलं. जगभर रस्त्यावरची टेस्ट आली. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आपण अजून बेंचवरच्या टेस्टवर भांडतोय, एक जण म्हणतो ती पवित्र आहे आणि दुसरा म्हणतो ती फेकून द्या.

आता फेकून द्या म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा डॉक्टरचा वेळ. 2016 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पेशंटसमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास ईएचआर आणि टेबलावरच्या कामात जातात. तो सगळा दोष सर्टिफिकेशनचा नाही, तिथल्या बिलिंगचा त्यात मोठा वाटा आहे, पण प्रत्येक टप्प्याला नवे रकाने आले, तेरा वर्षांवरच्या प्रत्येक पेशंटला सिगारेट ओढतो का हे ठरलेल्या पर्यायांतूनच भरा वगैरे, हे खरं आहे. दुसरा मुद्दा छोट्या वेंडरचा. सर्टिफिकेशनच्या नियमांची 2011 ची आवृत्ती, मग 2014 ची, मग 2015 ची, दर वेळी नवीन परीक्षा आणि नवीन फी, यात मोठ्या कंपन्या टिकतात आणि तालुक्यातल्या नर्सिंग होमला परवडेल असं साधं सॉफ्टवेअर बनवणारी चार माणसांची कंपनी गळते. सीसीएचआयटीवर तर पहिल्यापासून हीच टीका होती की तिची फीचरची लांबलचक यादी मोठ्या वेंडरच्या प्रॉडक्टच्या मापाची आहे. तिसरा मुद्दा, आणि मला हा सगळ्यात पटतो, की वेंडरच्या प्रोग्रॅमरचा सगळा वेळ सरकारी रकान्यात गेला आणि डॉक्टर वर्षानुवर्षं जी सुधारणा मागत होते ती रांगेत मागे पडली. हे तिन्ही मुद्दे मी मान्य करतो.

पण यातून बाजारच ठरवेल हा निष्कर्ष कसा निघतो? बाजार तेव्हा ठरवतो जेव्हा घेणाऱ्याला माल तपासता येतो. बालरोगतज्ज्ञ असलेली बाई डेमो बघताना स्क्रीनचा रंग बघेल, फॉर्म किती पटकन भरतो ते बघेल, पण वजनावरून डोस काढताना सॉफ्टवेअर ग्रॅम आणि किलोमध्ये गोंधळतं का, दोन औषधांचा धोका असताना अलर्ट खरंच येतो का, पाच वर्षांनी डेटा बाहेर निघेल का, हे ती कसं तपासणार? आणि अमेरिकेत बाजाराने जे ठरवलं तेही बघा. 2015 मध्ये ओएनसीने संसदेला रिपोर्टच दिला की काही वेंडर आणि हॉस्पिटलं माहिती अडवून ठेवतायत, जोडणीसाठी वाटेल तशी फी लावतायत. पेशंट दुसरीकडे जाऊ नये, डॉक्टरने सॉफ्टवेअर बदलू नये, यात ज्याचा धंदा आहे तो दार उघडं का ठेवेल?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी एकदा शोधून झालंय, बॉयलरच्या बाबतीत. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला, मग बाकीच्या प्रांतांनी आपापले कायदे केले, प्रत्येकाचे नियम वेगळे, एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसरीकडे नापास, आणि शेवटी 1923 मध्ये सगळ्यांसाठी एक कायदा करावा लागला. त्या कायद्यातली (2025 मध्ये त्याच्या जागी नवीन बॉयलर कायदा आला) गोष्ट अशी की बॉयलर बनवताना तपासतात ते वेगळं, आणि तो जिथे बसवलाय तिथे त्याला वापराचं सर्टिफिकेट मिळतं तेही जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही साखर कारखान्यात विचारा, गळीत हंगामाआधी बॉयलर इन्स्पेक्टर येऊन जातो की नाही. कंपनीचं नाव कितीही मोठं असो, इन्स्पेक्टर मॉडेल तपासत नाही, तो समोरचा बॉयलर तपासतो. कारण तोच बॉयलर एका ठिकाणी नीट चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी खारट पाण्याने सडतो. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर अगदी तसंच आहे, एकाच कंपनीचं एकच व्हर्जन एका हॉस्पिटलात औषधांच्या मास्टर लिस्टसकट नीट बसवलेलं असतं आणि दुसरीकडे त्या लिस्टमध्ये एकच गोळी चार स्पेलिंगने चार वेळा असते आणि ॲलर्जीचा अलर्ट त्रास देतो म्हणून कोणीतरी बंद करून ठेवलेला असतो. मॉडेलला दिलेलं सर्टिफिकेट यातलं काय पकडणार?

अमेरिकेला हे कळलं, पण उशिरा आणि पैसे वाटून झाल्यावर. डिसेंबर 2016 च्या क्युअर्स कायद्याने माहिती अडवणं बेकायदा केलं, वेंडरला प्रत्येक प्रकारामागे 10 लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली, सॉफ्टवेअरमधल्या दोषांबद्दल डॉक्टरांनी जाहीर बोलू नये अशा करारातल्या अटींना बंदी घातली, आणि मुख्य म्हणजे सर्टिफिकेट टिकवायचं असेल तर प्रत्यक्ष हॉस्पिटलातल्या वापरात टेस्ट करून रिझल्ट जाहीर करायची अट टाकली. पेशंटचा सगळा डेटा एका झटक्यात बाहेर काढून देण्याची सोय सर्टिफाइड सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजे, याची मुदत होती 31 डिसेंबर 2023. म्हणजे कायदा 2009 चा आणि हॉस्पिटलला स्वतःचा डेटा पूर्ण बाहेर काढता यायची अट लागू व्हायला जवळपास पंधरा वर्षं. जी परीक्षा पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती ती सगळ्यात शेवटी घेतली. त्यांनी केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची आपल्याला काय गरज आहे?

आपल्याकडे काय आहे ते बघू. सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, 70 कोटींच्या वर आभा नंबर, म्हणजे प्रत्येकाचे हेल्थ आयडी, तयार झालेत. सॉफ्टवेअर कंपनी आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावासाठीच्या वेगळ्या सिस्टिममध्ये, जोडणी करते, मग एम1, एम2, एम3 असे टप्पे दाखवते: आभा बनवणं आणि पडताळणं, रेकॉर्ड जोडून देणं, आणि पेशंटच्या संमतीने दुसरीकडचं रेकॉर्ड मागवणं. शिवाय सिक्युरिटी ऑडिट. जानेवारी 2023 पासून डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम, डीएचआयएस, ज्यात हॉस्पिटल, लॅब आणि सॉफ्टवेअर कंपनी यांना आभाशी जोडलेल्या व्यवहारांच्या संख्येवर पैसे मिळतात, कमाल मर्यादा 4 कोटी रुपये. त्याशिवाय हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं हॉस्पिटलच्या कामकाजाच्या (एचआयएस) आणि पेशंट रेकॉर्डच्या (ईएमआर) सिस्टिमसाठीचं वेगळं सर्टिफिकेशन. यात चांगलं बरंच आहे आणि ते म्हणायलाच हवं. आपण फायर (एफएचआयआर) हे आरोग्य-माहिती पाठवण्याचं नवीन स्टँडर्ड जवळपास सुरुवातीपासून घेतलं, संमती ही नंतर चिकटवलेली गोष्ट नाही, आणि पैसे सॉफ्टवेअर विकत घेतल्याबद्दल नाहीत तर वापराच्या संख्येवर आहेत. मशीन आणून ठेवलं आणि चेक घेतला असं इथे होत नाही, हे अमेरिकेच्या पहिल्या टप्प्यापेक्षा नक्की बरं.

पण संख्येवर पैसे लावले की संख्या येते, आणि तेवढीच येते. हातानं लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनचा मोबाईलने काढलेला फोटो पीडीएफ करून आभाला जोडला तरी ते एक रेकॉर्ड, आणि रक्तातली साखर, क्रिएटिनिन, औषधाचा डोस असं एकेक मूल्य नीट कोडसकट पाठवलं तरी तेही एक रेकॉर्ड. पहिल्याला रिसेप्शनवरच्या मुलीचे दहा सेकंद लागतात आणि दुसऱ्याला वेंडरचे सहा महिने. मोजणीत दोघं सारखे असतील तर हॉस्पिटल काय करेल, तुम्हीच सांगा. फोटो निरुपयोगी नाही, छोट्या दवाखान्यासाठी तीच पहिली पायरी आहे आणि त्यावर हसू नये, पण त्या पायरीवर कायमचं बसून राहायचे पैसे द्यायचे का? करोनात लसीच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांचे हेल्थ आयडी त्यांना नीट कळायच्या आत तयार झाले होते, संख्या वाढली, वापर वाढला का? तेच इथे होऊ नये म्हणून बोलतोय.

डेटा बाहेर काढण्याचा मुद्दा मी सगळ्यात वर का ठेवतो ते सांगतो. जुलै 2022 मध्ये आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांमधली एचएमआयएस ही कामकाजाची सिस्टिम कंपनीबरोबरच्या कराराच्या प्रश्नावरून बंद पडली आणि रांगेतल्या पेशंटचे केसपेपर पुन्हा हाताने लिहायला लागले. खाजगीतही हेच चित्र लहान आकारात दिसतं. माझ्या ओळखीच्या एका तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलने सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुन्या वेंडरने आधी एएमसीची (वार्षिक देखभालीच्या कराराची) थकबाकी काढली, मग डेटा काढून देण्याचे वेगळे पैसे सांगितले, आणि शेवटी जे दिलं ते डिस्चार्ज कार्डांच्या पीडीएफचं फोल्डर होतं, फाईलच्या नावात पेशंटचं नाव पण नाही, नुसते नंबर. तिथल्या डायलिसिसच्या पेशंटची कित्येक महिन्यांची क्रिएटिनिनची रांग नवीन सिस्टिममध्ये आलीच नाही, सिस्टरांनी जुन्या रजिस्टरवरून जमेल तेवढी पुन्हा भरली. त्या वेंडरकडे कागदावर सगळे टप्पे पूर्ण होते. रेकॉर्ड पेशंटच्या संमतीने दुसऱ्याला पाठवता येतं हे सर्टिफाइड होतं, हॉस्पिटलला स्वतःचा सगळा डेटा घेऊन उठून जाता येतं का हे कोणी तपासलंच नव्हतं.

मग टेस्ट कशी हवी? वेंडरला आधी माहीत नसलेल्या डेटावर, चालू हॉस्पिटलात, न सांगता निवडलेल्या जागी. सोळा औषधं ठरवून दिलीत तर सोळाच येतील, म्हणून देशात विकल्या जाणाऱ्या औषधांमधून कुठलीही पन्नास काढायची, दर वेळी वेगळी. एका हॉस्पिटलातून पाठवलेलं रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये उघडून तिथल्या डॉक्टरला विचारायचं, ॲलर्जी दिसतेय का, डोस बरोबर आलाय का. वर्षातून एकदा सगळा डेटा बाहेर काढून तो रिकाम्या दुसऱ्या सिस्टिममध्ये भरून दाखवायला लावायचा. यादी छोटी ठेवा, शंभर फीचर नकोत, औषध, ॲलर्जी, तपासण्या, डिस्चार्ज आणि एक्सपोर्ट एवढंच खोलात तपासा आणि बाकी स्क्रीन कशा असाव्यात हे डॉक्टर आणि वेंडरवर सोडा, म्हणजे रकान्यांचा तो जुना त्रासही टळेल.

खर्चाचं काय, हा प्रश्न येणारच आणि तो छोट्या वेंडरच्या बाजूने मलाही विचारायचाय. माझं उत्तर असं की टेस्टची फी वेंडरने भरूच नये. जी योजना एकेका संस्थेला 4 कोटींपर्यंत द्यायला तयार आहे तिने त्यातला छोटा भाग तपासणीवर घालवावा, म्हणजे परीक्षक परीक्षार्थीच्या पैशावर जगणार नाही आणि चार माणसांची कंपनी फी नाही म्हणून बाहेरही पडणार नाही. ईएचआर स्टँडर्डचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेतच आहे, स्नोमेड सीटी हा वैद्यकीय शब्दांचा कोडसकट कोश भारताने 2014 पासून देशभर वापरायला मोकळं केलंय, माणसं आहेत, अनुभव आहे. टेस्टची साधनं त्यांनी सगळ्यांना फुकट द्यावीत, वेंडरने रोज स्वतः चालवून बघावीत, फक्त शेवटच्या परीक्षेचा डेटा मात्र गुप्त. देशातली एवढी हॉस्पिटलं कोण तपासणार असं कोणी म्हणेल, तर सगळी तपासायची गरजच नाही, प्रत्येक सॉफ्टवेअरमागे दरवर्षी थोडी, कुठली ते शेवटपर्यंत न सांगता. पुढच्या हॉस्पिटलात आपला नंबर लागू शकतो एवढी शक्यता खरी असली की वेंडर मास्टर लिस्ट सगळीकडेच नीट करतो, हे टेस्टिंगमधल्या कुठल्याही माणसाला विचारा.

राहिला डॉक्टरांचा एक आक्षेप, की सॉफ्टवेअर नापास झालं तर आमचे पैसे अडकतील, चूक वेंडरची आणि शिक्षा आम्हाला. हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे आणि नियमात लिहूनच टाकायला हवं की सर्टिफिकेटवर विश्वास ठेवून प्रामाणिकपणे वापरणाऱ्या हॉस्पिटलकडून एक रुपया परत मागायचा नाही, वसुली करायची ती वेंडरकडून. त्याच बरोबर नापासाचं कारण आणि आलेल्या तक्रारी सॉफ्टवेअरच्या नावासकट सगळ्यांना बघता येतील अशा ठेवाव्यात, आणि करारात 'दोषांबद्दल बाहेर बोलायचं नाही' अशी अट असलेल्या सॉफ्टवेअरला सर्टिफिकेट देऊच नये. आणि डीएचआयएसमधून सॉफ्टवेअर कंपनीला जे पैसे जातात त्यातला चौथा हिस्सा तरी अडवून ठेवावा, तिच्या एका ग्राहक हॉस्पिटलचा पूर्ण डेटा दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये जाऊन तिथल्या सिस्टरने जुन्या पेशंटचं नाव टाकल्यावर मागच्या वर्षीचे रिपोर्ट समोर येईपर्यंत.